वाटेची किंमत

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कच्या राउटरला त्या काळी आयएमपी म्हणत. अमेरिकेतल्या बीबीएन कंपनीने १९६९ साली हनीवेलचे संगणक घेऊन ते तयार केले, आणि पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न त्यांच्या मागे लागला: हातातलं पॅकेट कोणत्या वाटेने धाडायचं? माणसाला नकाशा दिसतो. आयएमपीला दिसायच्या त्या फक्त स्वतःच्या चार-दोन लाइनी आणि शेजाऱ्यांनी कळवलेले आकडे. वाटेच्या किमतीचा हा आकडा, म्हणजे मेट्रिक, काढायचा कसा याचा शोध पुढे अठरा वर्षं चालला.

पहिली पद्धत साधी होती. प्रत्येक लाइनीपाशी किती पॅकेटं खोळंबली आहेत ते मोजायचं, त्यात एक ठरावीक आकडा मिळवायचा आणि साधारण दर दोन-तृतीयांश सेकंदाला शेजाऱ्यांना कळवायचं. पण त्या क्षणाची रांग पुढच्याच क्षणी ओसरते, आणि लाइन वेगवान आहे की मंद हे रांगेवरून कळत नाही. शिवाय सगळा व्यवहार ऐकीव माहितीवर चाले. एकदा हार्वर्डच्या आयएमपीची मेमरी बिघडली आणि त्याच्या टेबलात सगळीकडे शून्य उमटलं. कुठेही जायला माझ्याकडून अंतर शून्य, असं त्याने शेजाऱ्यांना कळवलं. शेजाऱ्यांनी ते खरं मानलं आणि नेटवर्कभरचं ट्रॅफिक हार्वर्डकडे लोटलं.

१९७९ मध्ये बीबीएनच्याच मॅकक्विलन, रिचर आणि रोझेन यांनी ही रचनाच बदलली. आता प्रत्येक आयएमपी फक्त स्वतःच्या लाइनी मोजून तेवढंच सगळ्या नेटवर्कला कळवू लागला. त्यावरून डाइक्स्ट्राच्या १९५९ च्या रीतीने सर्वांत स्वस्त वाट ज्याची त्याने काढायची. मोजणी तर विलक्षण नेटकी होती. पॅकेट आलं की त्यावर वेळेचा शिक्का पडे, ते निघालं की दुसरा. दोन्हींतला फरक, पॅकेट लाइनीवर चढवायला लागणारा वेळ आणि तारेतून जायचा वेळ यांची बेरीज म्हणजे त्या पॅकेटचा डिले. पोच आली नाही आणि पॅकेट पुन्हा पाठवावं लागलं, तर तो उशीरही हिशेबात धरला जाई. त्यामुळे सदोष लाइन आपोआप महाग दिसे. दहा सेकंदांची सरासरी काढली की आकडा तयार.

गर्दी कमी असेपर्यंत हे झकास चाललं.

गर्दी वाढली तेव्हा काय व्हायचं ते पाहा. समजा, नेटवर्कच्या दोन भागांना जोडणाऱ्या दोनच लाइनी आहेत. पहिली तुंबली, तिचा डिले वाढला, ती बातमी सगळीकडे गेली आणि सगळ्यांनी एकदमच दुसरी धरली. थोड्याच वेळात पहिली ओस आणि दुसरी तुंबलेली! मग सगळे पुन्हा पहिलीवर. दोन लाइनी असून कामाला येई ती एकच. त्यातच तुडुंब भरलेली ९.६ किलोबिटची लाइन रिकाम्या ५६ किलोबिटच्या लाइनीपेक्षा १२७ पट महाग दिसू शके. म्हणजे ती टाळण्यासाठी पॅकेट शंभरावर हॉपांचा, म्हणजे शंभरावर लाइनींचा, वळसासुद्धा घेऊ शकलं असतं. आकडा अचूक होता, पण तो ऐकून बाकीचे सगळे काय करतील याचा विचार त्यात नव्हता.

१९८७ मध्ये बीबीएनच्याच खन्ना आणि झिंकी यांनी तो विचार त्यात घातला. हे काम खरोखर मोठं आहे, कारण त्यांनी मोजणी आणखी बारीक केली नाही. मोजलेल्यातलं किती बोलायचं यावर मर्यादा घातली. डिलेवरून लाइन किती भरली आहे याचा अंदाज घ्यायचा आणि मागच्या सरासरीशी त्याचा निम्मा-निम्मा मेळ घालायचा. एका वेळी आकडा किती बदलू द्यायचा यालाही मर्यादा. लाइन कितीही भरली तरी रिकामी असतानाच्या तिप्पटीपेक्षा महाग दाखवायची नाही, आणि सर्वांत महाग लाइन सर्वांत स्वस्त लाइनीच्या फार तर सातपट. परिणामी गर्दी झाली की ट्रॅफिक सगळंच्या सगळं न उठता थोडंथोडं सरकू लागलं.

पुढच्या राउटिंग प्रोटोकॉलांनी गर्दीचा नाद बहुतांशी सोडलाच. रिप नुसते हॉप मोजतो: पंधरापर्यंत ठीक, सोळा म्हणजे वाटच नाही. सिस्कोच्या ईआयजीआरपीच्या सूत्रात लोड आणि विश्वासार्हता दोन्ही आहेत, पण त्यांचे गुणक मुळातच शून्यावर ठेवलेले. चालतात ते बँडविड्थ आणि डिले, तेही ठरवून दिलेले. ओएसपीएफमध्ये कॉस्ट, म्हणजे तिथलं मेट्रिक, कशी काढायची याचं सूत्रच मानकात दिलेलं नाही. सिस्कोने १०० मेगाबिटला लाइनीच्या वेगाने भागायचा रिवाज पाडला. त्यात १० मेगाबिटची कॉस्ट १०, १०० मेगाबिटची १. आणि अपूर्णांक चालत नसल्याने १० गिगाबिटचीही १. म्हणून आज नेटवर्क उभारताना इंजिनिअर आधी तो १०० चा आकडा वाढवून घेतात, आणि सगळ्या राउटरांवर सारखाच ठेवतात.

याच कॉस्टचा त्यांना आणखी एक उपयोग होतो. राउटर दुरुस्तीला घ्यायचा असला की ते त्याच्या लाइनींची कॉस्ट कमाल, म्हणजे ६५५३५, करतात. लाइनी धडधाकटच असतात, पण दुसरी वाट असलेलं ट्रॅफिक तिकडे निघून जातं, आणि मग राउटर निवांत बंद करता येतो.