मुंबई सोडताना (भाग 6) : नाशिकची थंडी पहाटे भेटते

उपनगरातून नाशिकला बिऱ्हाड हलवणाऱ्यांच्या चौकशा ठरलेल्या असतात. फ्लॅटचा दर काय, पाणी किती वेळ येतं, कसारा घाटात किती रखडायला होतं. थंडीचा विषय निघालाच तर ‘मस्त असते हो’ एवढ्यावर मिटतो. मस्त असतेच. पण तिची वेळ आणि तिची रीत ठाऊक नसली, तर पहिला डिसेंबर शिंकण्यात जातो.

आधी आपण कुठून निघतोय ते पाहू. उपनगरांचं तापमान म्हणजे सांताक्रूझ वेधशाळेची नोंद. जानेवारीत तिथलं सरासरी किमान तापमान 17 अंशांच्या आसपास असतं. बोरिवली पूर्व किंवा मुलुंड पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणारे ‘आमच्याकडे अंधेरीपेक्षा गारवा जास्त’ म्हणून मिरवतात, आणि त्यांचं चूक नाही. सांताक्रूझचा नीचांक आहे 7.4 अंश, 22 जानेवारी 1962 चा. त्याच दिवशी कुलाब्याला 11.7 अंश होतं. एकाच शहरात चार अंशांहून जास्त फरक, कारण कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे आणि रात्रीही तो ऊब सोडत नाही.

हवामान खात्याचे निकषही हे मान्य करतात. किनाऱ्यावर किमान तापमान 15 अंश किंवा त्याखाली आलं आणि सरासरीहून निदान साडेचार अंशांनी घसरलं, की थंडीची लाट म्हणता येते. मैदानी भागात त्यासाठी पारा 10 अंशांपर्यंत यावा लागतो. म्हणजे घाटकोपरला ज्या पहाटेला लाट म्हणतील, ती नाशिकला दिवाळीनंतरची साधी पहाट.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचावर आहे. हजार मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंडावते, या हिशोबाने उंचीमुळे फार तर चार अंश कमी व्हावेत. जानेवारीत तिथलं सरासरी किमान तापमान मात्र 10 अंशांच्या घरात असतं. उरलेली घसरण कोरड्या हवेची आणि निरभ्र आकाशाची. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते. हवेत बाष्प आणि ढग असले तर त्यातली बरीचशी अडते, नसले तर ती थेट आकाशात जाते आणि जमीन पहाटेपर्यंत गार होत राहते. म्हणून सगळ्यात कडक थंडी मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या सुमाराला असते. शाळेची बस आणि पंचवटी एक्सप्रेस गाठायची वेळही नेमकी तीच.

अडीच-तीन महिने सलग कुडकुडायचं, असंही नाही. थंडी हप्त्याहप्त्याने येते. पश्चिमी चक्रावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला, की उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात आणि चार-सहा दिवस पारा घसरतो. मग बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आले, आकाश भरलं, की थंडी पळते. ढगाळ हवा म्हणजे थंडी वाढणार, हा मुंबईकराचा समज तिथे उलटा पडतो.

वर्तमानपत्रात दर हिवाळ्यात ‘निफाड गारठलं’ अशी बातमी असते. तो आकडा बहुधा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. निफाड काही नाशिकहून उंच नाही, उलट गोदावरीच्या खालच्या अंगाला आहे. तरी कित्येकदा ते साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरलाही मागे टाकतं. थंड हवा जड असते. ती उतारावरून ओघळून सखल, मोकळ्या जागी साचते. महाबळेश्वरातही हिमकण दिसतात ते गावात नव्हे, वेण्णा तलावाच्या काठच्या गवतावर. म्हणून घर बघताना ‘नाशिकचं तापमान किती’ एवढंच विचारून भागत नाही. जुन्या नाशकातली दाटीची वस्ती आणि मखमलाबाद, आडगावकडची मळ्यांना लागून असलेली नवी सोसायटी, यांची पहाट एक नसते.

मळ्यांचा विषय निघाला म्हणून. आपल्याला हवीहवीशी वाटणारी ही थंडी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराची झोप उडवते. डिसेंबर-जानेवारीत मणी फुगायच्या बेतात असतात. पारा फार उतरला की फुगवण थांबते, आणि पहाटेची थंडी व दुपारचं ऊन यांच्या ओढाताणीत मणी तडकतात. मग शेतकरी पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून धूर करतो, ठिबकने विहिरीचं पाणी सोडतो. हवेपेक्षा ते पाणी कोमट असतं. बागेलगत फ्लॅट घेतलात तर हा धूर खिडकीतून आत येईल. तक्रार करायला जाऊ नका.

आता घरात येऊ. नाशिकला दुपारी 28-29 अंश आणि पहाटे 10, म्हणजे एका दिवसात 18 अंशांची उलथापालथ. जाड जॅकेटपेक्षा सुटसुटीत काढता-घालता येणारे दोन थर कामाचे. हवा कोरडी असल्याने ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. मुंबईत क्वचित गोठणारं खोबरेल तिथे आठवडेच्या आठवडे बाटलीत पांढरं दगड होऊन बसतं, कारण ते 24 अंशांच्या खाली घट्ट होतं. मोठ्या तोंडाच्या बरणीत काढून ठेवा. इडलीचं पीठ रात्रभरात फुगत नाही, विरजण लागत नाही. पातेलं कापडात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये किंवा डब्यात ठेवावं लागतं.

टोरांटोला किंवा न्यू जर्सीला गेलेली मुलं नाशिकच्या थंडीला हसतात. उणे 10 अंशांत ताशी 30 किलोमीटरचा वारा सुटला की अंगाला उणे 20 सारखं वाटतं, हे त्यांचं रोजचं गणित. पण तीच मुलं सुट्टीत घरी आली की दोन दुलया मागतात. तिकडे थंडी दाराबाहेर राहते, घरात टी-शर्टवर बसता येतं. आपल्याकडे घर तापवायची सोयच नाही. फरशी, भिंत, गच्चीच्या टाकीतलं पाणी, सगळंच गार.

म्हणून फ्लॅटला दक्षिणेची खिडकी असेल तर सोडू नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन तिथूनच खोलीत लांबवर येतं. वास्तुवाले दक्षिणेला नाक मुरडतात. त्यांना जानेवारीत सकाळी दहाला चहाला बोलवा.

आणि एक सक्त सूचना. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका, आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत लावू नका. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नसतो, आणि माणूस शुद्ध हरपेपर्यंत काही कळत नाही. आधीच्या मालकाने गिझर आत बसवला असेल, तर सामान लावण्याआधी तो बाहेर काढून घ्या.

(पुढील भागात : नव्या गावातलं पाणी)