नवा लॅपटॉप, पण प्रोग्रॅम लिहायचा कुठे?

परवा भाचीने विचारलं, "मामा, नव्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम कुठे लिहायचा?"

१९८१ च्या बीबीसी मायक्रो या संगणकावर हा प्रश्नच नव्हता. बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा रॉममध्येच, म्हणजे मशीनच्या कायमस्वरूपी मेमरीतच असायची. मशीन सुरू केलं की थेट कोड लिहायला घ्यायचा. भारतातल्या शाळांमध्येही 'क्लास' या संगणक साक्षरता प्रकल्पातून हीच मशीन्स आली होती.

आज विंडोजसोबत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आपोआप मिळत नाही. शाळेच्या लॅबमध्ये तर इन्स्टॉल करायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. मुलांचा उत्साह तिथेच मावळतो.

याउलट, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या सिस्टिममध्ये पायथन आणि थॉनी एडिटर आधीपासून असतात. प्रत्येक संगणकात अशी सोय हवीच, असं माझं ठाम मत आहे.

तोवर एक करा: क्रोम उघडा, एफ१२ दाबा, 'कन्सोल'मध्ये जा आणि इंग्रजी आकड्यांत एखादी बेरीज टाइप करून एंटर दाबा. उत्तर लगेच येईल. ही झाली जावास्क्रिप्टची सुरुवात!

कुठे अडलात तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.