खरेदीविना बाजारात एक दिवस

गेली पंचवीस वर्षे मी दर दोन महिन्यांनी मुंबईच्या कापडबाजारात खरेदीसाठी जात आलो आहे. सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तेथून पायी क्रॉफर्ड मार्केट, शेख मेमन मार्ग, मंगलदास मार्केट, मूळजी जेठा मार्केट. आणि रात्री पावत्यांची घडी खिशात घालून परतीची गाडी. हा रस्ता आपण डोळे मिटूनही चालू शकतो, असे मी घरात अभिमानाने सांगत असे. यंदा फेब्रुवारीत माझ्या पन्नासाव्या वाढदिवशी मुलीने माझ्या हाती एक कॅमेरा आणि मुंबईतील एका दिवसाच्या छायाचित्रण कार्यशाळेचे प्रवेशपत्र ठेवले. विषय होता ‘रस्त्यावरचे छायाचित्रण’. ती म्हणाली, ‘‘पप्पा, तुमच्याच रस्त्यावर जायचं आहे. फक्त या वेळी डोळे उघडे ठेवा.’’

कार्यशाळा मुद्दाम शनिवारी, बाजार चालू असताना ठेवलेली होती. आम्ही बारा जण सकाळी आठ वाजता क्रॉफर्ड मार्केटच्या दारात जमलो. बहुतेक मंडळी विशी-तिशीतील होती. मार्गदर्शन करणाऱ्या बाई अनेक वर्षे वृत्तपत्रासाठी छायाचित्रे काढून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिलीच सूचना दिली, ‘‘एक तास कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही. मान वर करा आणि नुसते पाहा.’’

मी मान वर केली. प्रवेशद्वारावर दगडात कोरलेला शेतकऱ्यांचा शिल्पपट्ट आहे. ही मंडई १८६९ मध्ये बांधून झाली, आज तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे, आणि तो शिल्पपट्ट जे. जे. कलाशाळेत शिकवणारे लॉकवूड किपलिंग यांच्या कल्पनेतून उतरला आहे, असे बाईंनी सांगितले. पंचवीस वर्षांत शंभराहून अधिक वेळा मी या दारावरून गेलो असेन. परंतु ती दगडी माणसे मला एकदाही दिसली नव्हती. दिसले होते ते भाव, गर्दी आणि घड्याळ.

तासाभराने कॅमेरे बाहेर निघाले. रस्त्यावर नेम धरायला सवड नसते, म्हणून बाईंनी एक सोपी युक्ती शिकवली. पस्तीस मिलिमीटरचे भिंग, एफ-८ इतके छिद्र, शटरचा वेग सेकंदाचा अडीचशेवा भाग आणि रोख तीन मीटरवर पक्का करून ठेवायचा. मग साधारण दोन ते सहा मीटर अंतरातील सारे स्पष्ट उमटते. यंत्राकडे पाहावे लागत नाही, माणसांकडे पाहता येते. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या ओळखीची निघाली. चांगल्या चित्राच्या मागे धावायचे नाही. आधी जागा आणि उजेड हेरायचा आणि तेथे माणूस येण्याची वाट पाहायची. पेढीवर बसणाऱ्याला वाट पाहण्याचे निराळे शिक्षण लागत नाही. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची रीत असल्यामुळे ऊन कोठवर आले आहे, हे पाहण्याची सवयही लहानपणापासूनचीच.

शेख मेमन मार्गाने आम्ही मुंबादेवीच्या दिशेने निघालो. झवेरी बाजाराजवळ कॅमेरा वर करताच एका दुकानातून कडक आवाज आला, ‘‘काय काढताय? कोणासाठी?’’ आमच्यातील एक तरुण नाराज झाला. रस्ता तर सार्वजनिक आहे, असे त्याचे म्हणणे. मला मात्र त्या दुकानदाराचे वावगे वाटले नाही. या परिसराने २००३ आणि २०११ मध्ये बॉम्बस्फोट सोसले आहेत. शिवाय ज्याच्या घरात लाखोंचा माल आहे, त्याला अनोळखी माणूस आपल्या दाराची नोंद करतो हे कसे रुचावे? मी पुढे होऊन नमस्कार केला, कार्यशाळेची माहिती दिली, आपणही व्यापारीच असल्याचे सांगितले. पाच मिनिटांत आम्हाला पाणी मिळाले आणि तागडीवर झुकलेल्या वृद्ध मुनिमांचे छायाचित्रही.

यावर बाईंनी चालता चालता छायाचित्रणाच्या इतिहासातील एक गोष्ट सांगितली. राजा दीनदयाळ हे भारतातील एक थोर छायाचित्रकार. जन्म १८४४ चा, मेरठजवळील सरधन्याच्या जवाहिरांच्या जैन घराण्यात. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थांनी पुढे हैदराबादच्या निजामाकडे छायाचित्रकार म्हणून लौकिक मिळवला आणि १८९६ मध्ये मुंबईतही आपला स्टुडिओ थाटला. त्यांचा तिपाईवरचा मोठा कॅमेरा लपून राहणारा नव्हता. समोरच्या माणसाने स्थिर बसून साथ दिली, तरच चित्र सिद्ध होई. पुढे १९२५ मध्ये लायका हा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला. आंरी कार्तिये-ब्रेसाँसारख्या कलावंताने त्या लहान यंत्रातून रस्त्यावरचे क्षण टिपण्याची कला शिखराला नेली. पण त्याबरोबरच समोरच्याला विचारण्याची गरजही संपली. ‘‘कला वाढली,’’ बाई म्हणाल्या, ‘‘आणि जबाबदारी यंत्राकडून माणसाकडे आली.’’

त्या वाक्याचा अर्थ मला दुपारी कळायचा होता.

कापडबाजाराच्या गल्ल्या अरुंद, इमारती उंच. तेथे थेट ऊन उतरते ते माध्यान्हीच, तेही हातभर रुंदीच्या पट्ट्याने. अशा एका पट्ट्यासमोर मी पाऊण तास उभा होतो. पुष्कळ माणसे आली-गेली. मग गठ्ठ्यांनी लादलेली एक हातगाडी आली. गाडी ओढणारा चाळिशीचा माणूस पुढे गर्दी अडल्यामुळे नेमका त्या उन्हात थांबला. मान खाली, मानेच्या शिरा ताणलेल्या, कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आलेला; आणि मागच्या भिंतीवर त्याच्याहून दुपटीने मोठी गठ्ठ्यांची सावली. मी कळ दाबली. पडद्यावर पाहिले तेव्हा हात थरथरला. एवढे चांगले चित्र मी पूर्वी कधी काढले नव्हते, आणि यापुढे काढेन असेही वाटत नाही.

त्याने मान वर करून विचारले, ‘‘शेठ, कशाला काढला?’’

मी त्याला चित्र दाखवले. त्याने ते बराच वेळ पाहिले. मग हलक्या आवाजात म्हणाला, ‘‘ह्यो नको, शेठ. माझी पोर बारावीला हाय गावाकडं, माण तालुक्यात. तिला सांगितलंय, मी मुंबईत दुकानात कामाला हाय. ह्यो फोटो कुठं फिरला आन् तिनं बघितला, तर?’’

मी गप्प झालो. पंचवीस वर्षे माझा माल अशाच गाड्यांवरून वाहतूक कंपनीच्या गोदामात गेला आहे. हमालीच्या पाच-दहा रुपयांवरून मी घासाघीस केली आहे. त्या रुपयांचा हिशेब माझ्या वह्यांत आहे, पण ते घेणाऱ्या एकाही माणसाचा चेहरा माझ्या स्मरणात नाही. आणि आज ज्या एका चेहऱ्याकडे मी प्रथमच नीट पाहिले होते, तो मला सांगत होता की असे दाखवू नका.

वाचकहो, खरे सांगायचे तर मनात एक पळवाट आली. चित्र पुसल्यासारखे करावे आणि ठेवून द्यावे. त्याला यंत्रातले काय कळणार? मापताना कापड ताणून धरणारा दुकानदार नेमका असाच विचार करतो. असल्या दुकानदाराला आमच्या वडिलांनी कधी दारात उभे केले नसते. मी त्याच्यासमोरच चित्र पुसले आणि रिकामी जागा त्याला दाखवली.

तो हसला. म्हणाला, ‘‘आता गाडी रिकामी करतो. मग काढा एक.’’ वीस मिनिटांनी तो परत आला तेव्हा त्याने तोंड धुतले होते, केस विंचरले होते, सदऱ्याची बटणे गळ्यापर्यंत लावली होती. तोवर ऊन सरकून गेले होते. एका कापडाच्या दुकानाच्या फळीला पाठ लावून, हात खाली सोडून, तो ताठ उभा राहिला. पाठीमागे रंगीत तागे रचलेले. लेकीला दाखवायचे चित्र त्याने स्वतःच मांडले होते. मी फक्त कळ दाबली.

सायंकाळी प्रत्येकाने दिवसभरातली पाच चित्रे निवडून मांडायची होती. माझ्या पाचांत मुनिमांचे चित्र बाईंना आवडले. या चित्रापाशी मात्र त्या थांबल्या. ‘‘हे रस्त्यावरचे नाही वाटत. स्टुडिओतले वाटते.’’ मी घडले ते सांगितले. त्यावर सकाळचाच तो तरुण म्हणाला, ‘‘काका, पण सगळेच असं पुसू लागले तर कष्टाचं चित्र जगासमोर येणार कसं? अमेरिकेत लुईस हाइननं १९०८ पासून गिरण्या-खाणींत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढली, म्हणून तिथं बालमजुरीविरुद्ध लोकमत जागं झालं.’’

त्याचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. बाईही म्हणाल्या, ‘‘तुमचा निर्णय तुम्हाला शोभला, पण त्याचा नियम करू नका. हाइनला त्या चित्रांतून मुलांसाठी काही मिळवायचे होते. आपण कोणासाठी काढतो आहोत, हे दर वेळी स्वतःला विचारायचे.’’ मी मनाशी उत्तर दिले: मला ते चित्र माझ्यासाठीच हवे होते. दिवाणखान्यातल्या भिंतीसाठी, आणि लेकीच्या कौतुकासाठी.

घरी आल्यावर मुलीने सारी चित्रे पाहिली. पुसलेल्या चित्राबद्दल मी तिला सांगितले तेव्हा ती क्षणभर हळहळली. मग दुकानाच्या फळीशी ताठ उभ्या असलेल्या त्या माणसाचे चित्र पुन्हा उघडून म्हणाली, ‘‘याच्या दोन प्रती काढू या. एक त्यांना, एक गावाकडं पाठवायला.’’

आमच्या धंद्यात माल उचलला की नोंद होते, आणि नोंद झाली की फेड आलीच. छायाचित्रालाही हे लागू असावे, एवढेच मला त्या दिवसातून समजले. दोन्ही प्रती पाकिटात घालून खरेदीच्या पिशवीत ठेवल्या आहेत. पुढल्या खेपेची यादी करताना तागे, परकर, अस्तर यांच्याही वर पहिली ओळ लिहिली आहे: ‘मूळजी जेठा मार्केट, हातगाडीवाले — फोटो दोन, देणे.’