लोखंडाची जुनी ओढ

बाळांनो, आज गंजाची गोष्ट सांगतो. ती सुरू होते सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी, समुद्रात. तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, आणि पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. मग डोळ्यांना न दिसणारे जिवाणू उन्हाच्या जोरावर ऑक्सिजन सोडू लागले. लोखंडानं तो धरला आणि दोघं मिळून तळाशी जाऊन बसले. थरावर थर साचले. तसल्याच पुरातन थरांतलं खनिज आपल्या रेडीला आणि पलीकडे गोव्यात डिचोली-सांग्याकडे खणून काढलं. ते तांबडं खनिज म्हणजे गंजाचं सख्खं भावंडच.

माणसानं भट्टीत कोक पेटवून लोखंडापासून ऑक्सिजन तोडला. लोखंड सुटं झालं, पण ओढ काही सुटली नाही. हवा आणि पाणी मिळालं की ते पुन्हा ऑक्सिजनकडे धाव घेतं.

आता पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारीच्या चाकाच्या फटीतून आत डोकावून बघा. आत एक जाड चकती दिसेल, ती ब्रेक डिस्क. काल संध्याकाळी लखलखत होती, सकाळी पाहावं तर नारिंगी! गाडी निघाली, पहिला ब्रेक दाबला, की खर्र आवाज येतो. आणखी चार-दोनदा ब्रेक लागला की चकती पुन्हा चकचकीत.

एका रात्रीत एवढं कसं झालं? केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी 1920च्या दशकात घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला आणि बघत राहिले. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी कमी पोचतो. म्हणून मध्ये लोखंड विरघळू लागतं, त्यानं सोडलेले इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेकडे जातात आणि तिथला ऑक्सिजन ते घेतो. दोन्हींकडचा माल जिथे भेटतो तिथे गंजाचं कडं उमटतं. एवढ्याशा थेंबात विजेचा खेळ! ओल्या डिस्कवरही रात्रभर हाच चालतो. मिठानं ही वीज आणखी सहज वाहते. म्हणून तर खाऱ्या वाऱ्यात रत्नागिरी-मालवणच्या गाड्या लवकर गंजतात.

तुम्ही म्हणाल, आजोबा, मग मोटारसायकलची डिस्क का गंजत नाही? छान प्रश्न! ती बहुतेक स्टेनलेस पोलादाची असते. त्यातलं क्रोमियम स्वतःच ऑक्सिजन धरून पृष्ठभागावर अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा तयार करतं, आणि आतलं लोखंड सुरक्षित राहतं. मोटार मात्र जड. घाट उतरताना तिच्या डिस्कला शेकडो अंश उष्णता सोसावी लागते. बीड म्हणजे ओतीव लोखंड ही उष्णता भराभर पसरवतं, त्यातले ग्राफाइटचे पापुद्रे थरथर जिरवतात, शिवाय ते स्वस्त. म्हणून मोटारीची डिस्क बिडाची. आजीचा घावनांचा तवा असतो ना, त्याच जातीचं लोखंड.

आजी तवा धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवते. डिस्कला मात्र तेल, ग्रीस, गंज घालवायचा फवारा, काही म्हणजे काही लावायचं नाही. चकतीला दोन्हीकडून दाबून धरणारे पॅड घसरले तर गाडी थांबणार कशी? चकतीच्या मधल्या भागाला आणि कडेला कारखान्यात लेप देतात, तो चालतो. जिथे पॅड घासतो ती जागा उघडीच राहणार. तिचं रक्षण एकच गोष्ट करते: वापर. प्रत्येक ब्रेकबरोबर पॅड कोवळा गंज पुसून काढतो आणि घर्षणाची ऊब ओल वाळवते.

म्हणून गाडी धुतली की लगेच झाकून ठेवू नये. मोकळ्या रस्त्यावर, मागं-पुढं बघून, एक फेरी मारावी आणि अधूनमधून हलका ब्रेक लावावा. पाणी साचणाऱ्या जागी गाडी उभी करू नये. बरेच दिवस ठेवायची असेल तर सपाट जागा बघावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना दगडाची उटी द्यावी आणि हँडब्रेक सोडावा. नाहीतर ओलीत ब्रेक चिकटून बसतो. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत गंज खोल जातो, खड्डे पडतात, ब्रेक दाबताना पाय थरथरतो. तेव्हा मेकॅनिककडून डिस्क मोजून घ्यावी. किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली गेली की बदलायचीच.

विजेच्या गाडीत तर पुष्कळदा मोटरच वेग कमी करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. पॅडला काम कमी, म्हणून डिस्कवर गंज टिकतो. त्यामुळे काही कंपन्यांनी अशा गाड्यांच्या मागच्या चाकांना पुन्हा बंद ड्रमचे ब्रेक दिले.

बाळांनो, लोखंडाची ओढ कोट्यवधी वर्षांची आहे, ती आपल्याच्यानं मोडायची नाही. पण नारिंगी साय दिसली म्हणून घाबरायचंही नाही. चालत्या गाडीचा ब्रेक स्वतःला रोज घासून घेतो. काळजी करायची ती उभ्या गाडीची.