बोलायला पैसे पडत नाहीत!

हजेरी घेताना आपला रोल नंबर जवळ आला की छातीत धडधडायला लागतं? ‘प्रेझेंट’ हा एक शब्द मनात चार वेळा म्हणून बघता? व्हायवात उत्तर येत असूनही तोंड उघडत नाही, कॅन्टीनमध्ये एकट्याने जायची वेळ आली की डबा तसाच घरी परत जातो आणि नेमकं ग्रुप डिस्कशनच्या दिवशी पोट बिघडतं? मग हे वाचाच.

थोडीफार लाज सगळ्यांनाच वाटते. पण लोक हसतील, नावं ठेवतील या भीतीने सहा महिने किंवा जास्त काळ अभ्यास, मैत्री, रोजची कामं अडत असतील, तर त्याला सोशल अँग्झायटी म्हणतात. बहुतेकांमध्ये ती विशीच्या आतच सुरू होते. घरचे ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून देतात, पण नुकसान खरंखुरं असतं. ऑफिसच्या खिडकीवर विचारायचं धाडस झालं नाही म्हणून स्कॉलरशिपचा फॉर्म राहतो, प्रेझेंटेशनला दांडी मारली म्हणून इंटर्नलचे मार्क जातात. त्यात समुपदेशकाच्या एका सेशनला हजार-दीड हजार मोजायचे, तर मेसचे पैसे कुठून द्यायचे?

टाळलं की वाढते

ही भीती टाळाटाळीवर पोसली जाते. प्रसंग टाळला की हायसं वाटतं आणि मन धडा घेतं, ‘पळालो म्हणून वाचलो.’ पुढच्या वेळी भीती आणखी मोठी. आजकाल तर टाळणं फारच सोपं झालंय. चहाचे पैसे क्यूआर कोडवर, जेवण ॲपवर, शंका व्हॉट्सॲप ग्रुपवर. एकाही अनोळखी माणसाशी न बोलता अख्खा दिवस जातो. बोलण्याचा जो सराव पूर्वी आपसूक व्हायचा, तोच बंद पडलाय. तो पुन्हा सुरू करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच केलं होतं. एकोणीस वर्षांचा असताना त्याला मुलींशी बोलायची जबरदस्त भीती होती. मग महिनाभर तो न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन बाकावर बसलेल्या बायकांशी बोलत राहिला. शंभर जणींशी बोलला. एकीने भेटायला यायचं कबूल केलं, तीही आलीच नाही! पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, आकाशही कोसळलं नाही. भीती मात्र गेली. पुढे त्याने विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचली. (बागेत जाऊन अनोळखी मुलींना गाठू नका. घ्यायचं ते फक्त तत्त्व!)

वहीतली शिडी

एक साधी वही घ्या. ज्या गोष्टींची भीती वाटते त्यांना ० ते १०० मार्क द्या आणि कमीपासून जास्तीकडे लिहून काढा. उदाहरणार्थ :

- १५ : कंडक्टरला ‘माझा स्टॉप आला की सांगाल का?’ असं विचारणं
- ३० : झेरॉक्सवाल्याला पाठपोट प्रिंटचा दर विचारणं
- ४५ : कॉलेजच्या ऑफिसात फॉर्मची शेवटची तारीख विचारणं
- ६० : प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या कुणाबरोबर तरी डबा खाणं
- ७५ : लेक्चरमध्ये एक शंका विचारणं
- ९० : पाच मिनिटांचं प्रेझेंटेशन देणं

खालच्या पायरीपासून सुरुवात करा. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करा, भीती निम्म्यावर आली की वरची पायरी. कानात इयरफोन, उगाच मोबाइल चाळणं, वाक्य घोकून जाणं या कुबड्या हळूहळू सोडा. आधी लिहा, ‘काय होईल असं वाटतंय.’ नंतर लिहा, ‘प्रत्यक्षात काय झालं.’ दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचले की मनाने रंगवलेलं बरंचसं घडलंच नाही, हे तुमच्याच अक्षरात दिसतं.

बोलताना आपल्या थरथरणाऱ्या हातांकडे लक्ष जातंच. ते मुद्दाम समोरच्याच्या बोलण्याकडे वळवा. लोक आपल्याकडे वाटतं तेवढं बघतही नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण पाव जणांच्याच लक्षात आलं होतं. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

एक मात्र नको. मित्राने दिलेली ‘स्टेजवर जायच्या आधीची गोळी’ डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. त्यातल्या काही गोळ्या दमा असलेल्यांना धोकादायक ठरतात. आणि पार्टीत मोकळं व्हायला दारू, ही तर सगळ्यात महागडी कुबडी.

मोफत मदतही आहे

शिडी चढवत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, कॉलेज सोडावंसं वाटत असेल तर मदत घ्या. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत आणि मराठीतही. फोन करायचीच भीती वाटते? मग पहिली दोन वाक्यं कागदावर लिहा आणि वाचून दाखवा, चालतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलाय. कॉलेजात समुपदेशक आहे का, हेही विचारून घ्या. आणि जगूच नये असे विचार येत असतील तर वाट बघू नका, आत्ताच फोन लावा.

एका आठवड्यात कुणी गप्पिष्ट होत नाही, व्हायची गरजही नाही. आपलं काम अडू नये इतकं बोलता आलं तरी पुष्कळ. वही आज आणा, पहिली पायरी उद्याच्या बसमध्ये.