ध्रुवतारा किती अढळ?

उत्तरायणाच्या संध्याकाळी पतंग उतरवले, की आपण सचिनकरांनी गच्चीवरून उत्तरेला पाहावे. हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी एकावर एक धरल्या, की साधारण त्यांच्या वर ध्रुवतारा दिसतो. ही उंची सुमारे 21 अंश, आणि सचिनचा अक्षांशही तेवढाच. दर्यावर्दी याच हिशेबाने आपले ठिकाण काढत.

पण हिशेबात एक मेख आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याने 1791 मध्ये सचिन संस्थान स्थापले, तेव्हा हा तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून पावणेदोन अंशांच्या आसपास दूर होता. एक अंश म्हणजे 60 सागरी मैल. दुरुस्ती न करणाऱ्या तांडेलाचा अंदाज शंभरेक मैलांनीही चुकला असता! आज ते अंतर दोन तृतीयांश अंशाहून कमी आहे.

पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी. 2100 च्या सुमारास ध्रुवतारा ध्रुवबिंदूच्या सर्वांत जवळ येईल, मग दुरावेल. बारा हजार वर्षांनी तो मान अभिजितकडे जाईल. म्हणून जहाजांवरच्या नाविक पंचांगात ताऱ्यांची स्थाने दरवर्षी नव्याने छापतात.

याच डोलण्यामुळे सूर्य 21-22 डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो आणि आपली संक्रांत जानेवारीत येते. पतंगांची तारीख मागे घ्यायला मात्र आमची मुले तयार नाहीत.