शेपटीला नळी असलेला फुलकिडा

मिरचीची पाने चुरडली, कांद्याच्या पातीवर पांढरे चट्टे पडले, की "फुलकिडे आले" असे म्हणून फवारणीचा पंप पाठीवर चढतो. पाठ कोणाची, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हा कीड ओळखणे हा फक्त कृषी पदवीधरांचा विषय आहे, असे आम्ही मानीत नाही.

फुलकिड्यांच्या ज्ञात जाती सहा हजारांच्या घरात आहेत. त्यांतल्या कितीतरी जाती पिकाला तोंडही लावीत नाहीत. वाळकी पाने, मेलेल्या फांद्या यांवर वाढणारी बुरशी हेच त्यांचे अन्न. मग ओळखायचे कसे?

दहापट मोठे दाखविणारे भिंग घ्यावे आणि किड्याची शेपटी पाहावी. कांद्यावरच्या फुलकिड्याचे शेवटचे टोक निमुळते असते, मादीला झाडात अंडी खुपसण्यासाठी करवतीसारखा अवयव असतो. बुरशी खाणाऱ्या बहुतेक फुलकिड्यांच्या टोकाला मात्र सरळ नळी असते. बसलेला असताना पहिल्याचे पंख शेजारी शेजारी राहतात, नळीवाल्याचे एकमेकांवर चढतात.

परंतु नळी दिसली की निकाल लागला, असे समजू नये. नळीवाल्यांतही काही हिरवी पाने शोषणारे आहेत. खरी खूण तोंडात असते, आणि ती पाहावयास सूक्ष्मदर्शकच लागतो. बुरशीचे बीजकण अख्खे गिळणाऱ्यांच्या तोंडातील सुया पाच ते दहा मायक्रॉन रुंद असतात, इतरांच्या दोन-तीनच. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! एवढ्याशा जिवाचे तोंड मोजणाऱ्यांच्या चिकाटीचे आम्हांस कौतुक वाटते.

दक्षिण भारतात ताडाच्या वाळक्या झावळ्यांत राहणारा तियारोथ्रिप्स सुब्रह्मण्यी हा अशा बीजकण खाणाऱ्यांपैकीच एक. मद्रासच्या लोयोला कॉलेजातील प्राध्यापक टी. एन. अनंतकृष्णन यांनी अशा फुलकिड्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. या जातीच्या मोठ्या नराच्या मिशांचे तिसरे पेर लांबच लांब असते. लहान नर मात्र बराचसा मादीसारखा दिसतो. एकाच आईची लेकरे, पण रूप इतके वेगळे! फुलकिड्यांच्या काही जातींत तर लहानमोठ्या नरांना शास्त्रज्ञांनी दोन निरनिराळ्या जातींची नावे देऊन टाकली होती. म्हणून जातीचे नाव एका किड्यावरून ठरवू नये. एकाच झावळीवरचे नर, माद्या, लहान, मोठे असे सगळे एकत्र पाहावे.

घरी एवढे करता येईल. वाळके पान पांढऱ्या कागदावर झटकावे. काळा, बारीक, लांबट किडा पडला आणि भिंगातून टोकाला नळी दिसली, तर तो बहुधा बुरशीवर जगणारा. तसाच किडा हिरव्या पानावर सापडला, तर मात्र कृषी सहायकाला दाखवावा, आणि तोवर पंप खालीच ठेवावा.